चौकशीकाका

"मी त्याला विचारलं," असं काकांनी म्हटलं की समजावं, आता निदान अर्धा तास आपण कुठे जात नाही.

'तो' म्हणजे चॅटजीपीटी. काका त्याचं नाव घेत नाहीत. काकू म्हणतात, "मी इतकी वर्षं यांचं नाव घेताना कधी लाजले नाही, आणि हे बघा!" २०२२ च्या नोव्हेंबरात तो जन्माला आला आणि त्यानंतरच्या दिवाळीत भाच्याने काकांच्या मोबाइलवर बसवून दिला. काकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्ही कोण? तुमचा अनुभव किती?"

सोसायटीत त्यांना चौकशीकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका. वय पंचाहत्तरीच्या आसपास, चष्मा कपाळावर, मोबाइल हात ताणून लांब धरलेला, आणि आवाज असा की ते त्याला काय विचारतात हे खालच्या मजल्यावर मला आणि फाटकाशी पत्ता शोधणाऱ्या कुरिअरवाल्यालाही कळतं. काका टाइप करत नाहीत, बोलतात. विरामचिन्हांसकट बोलतात. "कोथरूडमध्ये स्वल्पविराम शक्यतो कर्वे पुतळ्याच्या अलीकडे स्वल्पविराम चांगला गवंडी सुचवावा पूर्णविराम." फोन 'गवंडी'चं 'गावठी' करतो. मग तो पलीकडचा अतिशय सभ्य भाषेत विचारतो की गावठी म्हणजे आपल्याला तूप हवंय, कोंबडी हवीय की आणखी काही? काका चिडत नाहीत. उलट मलाच सुनावतात, "बघा, गृहीत धरत नाही. आधी विचारतो. तुमचे प्लंबर कधी विचारतात?"

प्लंबर माझे कधी झाले, मला माहीत नाही. पण माझा या प्रकरणाशी संबंध आहे, कारण मी काकांच्या बरोबर खाली राहतो. इमारत १९९१ ची. काकांची मोरी माझ्या मोरीच्या डोक्यावर. तिथून गेली काही वर्षं पाणी झिरपतंय. छताला पोपडे आले, ते पडले, पुन्हा आले. काकांना हे मान्य आहे, ते भांडत नाहीत. दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन येतात, डागाचा फोटो काढतात, मोबाइलमध्ये तारीखवार ठेवतात आणि म्हणतात, "करायचंय. नीट करायचंय. बाथरूम आणि किचन एकदमच करून टाकू. फक्त माणूस चांगला मिळाला पाहिजे."

या 'फक्त'मध्ये काकांचं सगळं आयुष्य आहे.

बँकेत ते कर्जखात्यात होते. समोर बसलेला माणूस खरं बोलतोय की नाही हे कागदावरून ठरवायचं, चेहऱ्यावरून नाही, हा तिथला संस्कार. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली तिचे ते सुरुवातीच्या काळातले सभासद. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यांना कलमांसह पाठ आहे आणि २०१९ चा नवा कायदा आल्यावर त्यांनी तोही नव्याने पाठ केला. जस्टडायलचा तो आठच आठ असलेला नंबर आला, तेव्हा फोनवरच्या मुलीला ते विचारायचे, "तुम्ही स्वतः याच्याकडून काम करून घेतलंय का?" मुलगी गप्प. "मग सुचवता कशा?" काकांना आयुष्यभर एक असा कुणीतरी हवा होता, जो सगळ्यांची माहिती काढून ठेवील, कंटाळणार नाही, फोन आपटणार नाही आणि कमिशन खाणार नाही. तो अखेर मिळाला.

सकाळी अंघोळ, पूजा, चहा, आणि मग चौकशी. डायनिंग टेबलावर तीन यंत्रं मांडली जातात : स्वतःचा मोबाइल, काकूंचा मोबाइल आणि मुलीने पाठवलेला टॅब. एकात चॅटजीपीटी, दुसऱ्यात जेमिनी, तिसऱ्यात पर्प्लेक्सिटी. तिघांना एकच प्रश्न. तिघांच्या तीन याद्या. एका यादीत पहिला असलेला दुसऱ्या यादीत नसतोच. काका ते वहीत उतरवतात, रकाने आखून. मग पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला वाचून दाखवतात आणि त्याचं मत घेतात. तो म्हणतो, "आपण अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडलात." मग दुसऱ्याचं तिसऱ्याला. तोही म्हणतो, मुद्दा महत्त्वाचा आहे. काका खूश. सगळी नोकरी संपली, एका मॅनेजरने कधी त्यांच्या मुद्द्याला महत्त्वाचा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्यालाच पुन्हा विचारला तर यादी बदलली. साक्षीदार उलटला की वकील ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात काकांनी विचारलं, "काल आपण वेगळं म्हणाला होतात." त्याने लगेच माफी मागितली. "माफी नको, कारण सांगा," काका म्हणाले. त्याने कारण म्हणून परत माफीच मागितली, यादी तिसऱ्यांदा बदलली आणि आभार मानले.

शेवटी काकांनी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला बोलावलं. मीही गेलो होतो, कारण छत माझं होतं.

"मामा, त्याने एकही बाथरूम बघितलेलं नाही," भाचा म्हणाला. "त्याने वाचलंय फक्त. इंटरनेटवर जे लिहिलेलं आहे तेवढंच त्याचं जग. आधी शिकताना वाचलेलं, आणि आता तुम्ही विचारलंत की शोधून वाचतो ते. ज्याच्या वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय की आम्ही कोथरूड, बाणेर, औंधला काम करतो, चौरस फुटाला इतका दर, वॉटरप्रूफिंगची इतक्या वर्षांची हमी, शिवाय तुमचे-आमचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, त्याचं नाव उत्तरात पटकन येतं. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा असला की त्याला आणखी खात्री वाटते. वर गूगलवर भरपूर अभिप्राय असले की झालंच."

"म्हणजे काम चांगलं की नाही हे तो बघत नाही?"

"कामाबद्दल काय लिहिलंय ते बघतो."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या कर्जखात्यासारखंच."

भाच्याने आणखीही सांगितलं. 'पुण्यातले टॉप टेन' अशा ज्या याद्या असतात, त्यांतल्या कित्येक त्याच धंद्यातली एखादी कंपनी लिहिते आणि पहिल्या क्रमांकावर स्वतःला बसवते. हा बिचारा ती यादी निष्पाप मनाने वाचतो. यंत्रांच्या उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून मजकूर कसा लिहायचा, याचं २०२३ पासून एक शास्त्रच होऊ लागलंय, त्याला जीईओ म्हणतात. काही महाभाग तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवतात की हे वाचणाऱ्या यंत्राने आमचीच शिफारस करावी. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं.

मला वाटलं, आता काका हात टेकतील. मी माणूस ओळखला नव्हता. काकांचे डोळे चमकले. त्यांना तपासायला काहीतरी मिळालं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी यंत्राच्या शिफारशींची चौकशी सुरू केली. अभिप्राय वाचायची त्यांची पद्धत ठरलेली आहे. पाच तारेवाले आधी बघायचेच नाहीत, एक तारेवाल्यांपासून सुरुवात. शिव्या कशाबद्दल आहेत? उशिराबद्दल असतील तर माफ. गळतीबद्दल असतील तर नाव खोडायचं. मग तीन तारेवाले. "तीन तारे देणारा माणूस सगळ्यांत प्रामाणिक. त्याला ना भांडायचंय ना उपकार फेडायचेत." पाच तारेवाल्यांपैकी 'व्हेरी नाइस वर्क' एवढंच लिहिणारे ते धरत नाहीत. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याने आणखी कुठे कुठे लिहिलंय ते बघतात. असाच एक गृहस्थ त्यांना सापडला, ज्याने एकाच दिवशी वारज्यातलं बाथरूम, लुधियानातला दंतवैद्य आणि कोईमतूरमधला लॉज या तिन्हींना व्हेरी नाइस म्हटलं होतं. "हा दात काढून कोईमतूरला झोपायला गेला, आणि मधे वारज्यात अंघोळ केली," काका म्हणाले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० असं मानक काढलं आहे, हे मला काकांकडूनच कळलं. ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं, याचं दुःखही त्यांच्याकडूनच कळलं.

जीएसटी क्रमांक ते तोंडी तपासतात. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र असेल तर २७. पुढची दहा मालकाचा पॅन. एका कोटेशनवर चौदाच अक्षरं होती. काकांनी त्या मुलाला घरी बोलावलं, चहा दिला, पंधरावं अक्षर कुठे गेलं ते विचारलं आणि परत पाठवलं. यंत्राने मोठ्या खात्रीने सुचवलेल्या एका शोरूमच्या पत्त्यावर आम्ही दोघं रिक्षाने गेलो, तर तिथे लेडीज पार्लर. काका आत जाऊन विचारणार होते. मी त्यांना दारातून परत आणलं.

मुलगी एडिसनला असते, न्यू जर्सीत. तिनेही मध्यंतरी स्वयंपाकघर नवं करून घेतलं, तेही त्यालाच विचारून. "बाबा, इकडे सोपं आहे," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "घराचं काम करणाऱ्याला राज्याकडे नोंदणी लागते. १३ व्हीएचने सुरू होणारा नंबर जाहिरातीवर छापावा लागतो, करारावर लिहावा लागतो. तो सरकारी साइटवर टाकायचा, खरा आहे का बघायचं." शिवाय खोटे अभिप्राय विकण्या-विकत घेण्यावर अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून केंद्राचा नियमच लागू झालाय. काका भारावून गेले. दुसऱ्या दिवशी वरच्या टाकीचा नळ बदलायला आलेल्या प्लंबरला त्यांनी विचारलं, "तुमचा लायसन नंबर?" त्या भल्या माणसाने खिशातून ड्रायव्हिंग लायसन काढून दिलं. काकांनी तेही नीट वाचलं आणि मुदत संपत आल्याचं त्याच्या लक्षात आणून दिलं.

आता या सगळ्यात आमचे मिस्त्री कुठे आहेत? कुठेच नाहीत, हीच तर गंमत. आमच्या इमारतीतल्या निम्म्या मोऱ्या त्यांनी केल्या आहेत. समोरच्या इमारतीतल्याही. त्यांची वेबसाइट नाही, दुकान नाही, कार्ड नाही. बायकांच्या डायऱ्यांत त्यांचा नंबर असतो, 'मिस्त्री - टाइल्स' असा. व्हॉट्सअॅपच्या डीपीवर खंडोबा. काकांनी त्यांच्याबद्दल यंत्राला विचारलं तेव्हा तो म्हणाला की या व्यक्तीविषयी खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही, आगाऊ रक्कम देताना काळजी घ्यावी. त्यानंतर जिन्यात मिस्त्री भेटले की काका पाकिटाच्या खिशावर हात ठेवून नमस्कार करू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या बहिणीकडची मोरी यांनीच केलीय, आपण जेवून आलोय तिथे!" काका म्हणाले, "ऐकीव माहिती झाली ती."

अखेर माझ्या छताचा एक मोठा पोपडा बादलीत पडला, त्या दिवशी काकूंनी परस्पर मिस्त्रींना वर बोलावलं. काका छापील कागद घेऊन बसले होते. प्रश्न यंत्राने काढून दिलेले. इथे मी एक कबूल केलं पाहिजे, ते प्रश्न उत्तम होते. नावं सुचवताना चाचपडणारा हा गडी काय विचारावं हे सांगताना फार हुशार असतो.

"जुनी फरशी काढणार की तिच्यावरच नवी चिकटवणार?"

"काढणार. नाहीतर गळती कशी सापडणार?"

"वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवणार का? ४८ तास?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं. "ठेवतो. पण हे कुणी विचारत नाही, काका. लोक टाइल्सचा रंग विचारतात."

"नहाणी ट्रॅपकडे उतार किती?"

मिस्त्रींनी खिशातून गोटी काढली आणि सध्याच्या फरशीवर सोडली. गोटी नहाणीकडे न जाता दाराकडे घरंगळली. "हा तुमचा उतार. तीस वर्षं उलटा. त्याला विचारा, दिसला का त्याला."

किचनच्या ट्रॉल्यांवरही चर्चा झाली. सिंकखालचा प्लाय आयएस ७१० चाच हवा, शिक्का बघून घेणार, असं काका म्हणाले. मिस्त्री म्हणाले, शिक्का बघाच, आणि एक तुकडा पाण्यात टाकूनही बघा, कारण शिक्का मारायला काय लागतं? हे वाक्य काकांना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, तारखेसह.

आता कुणालाही वाटेल, ठरलं. पण ज्याचा कागद नाही त्याला काम द्यायचं, हे काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. त्यांनी मिस्त्रींचा कागद तयार केला. भाच्याला बसवून गूगलवर मिस्त्रींची नोंद केली : नाव, भाग, कामाची वेळ, खंडोबाऐवजी स्वतः मिस्त्रींचा फोटो. मग काका दोन्ही इमारतींमधून घरोघर हिंडले. ज्यांनी काम करून घेतलंय त्यांनीच लिहायचं, जे झालं तेच लिहायचं, तक्रार असेल तर तीही. लोकांनी लिहिलं. 'सात वर्षं झाली, थेंब नाही.' 'काम चोख, पण उद्या येतो म्हणाले की परवा येतात.' 'राडारोडा स्वतः उचलला.' 'दुपारी दोन ते चार ठोकाठोकी करत नाहीत.' काकांनी स्वतःही लिहिलं, आणि काकांचा प्रामाणिकपणा असा की पहिल्याच ओळीत : 'मी अद्याप यांचा ग्राहक नाही. तथापि चार घरांतील मोऱ्यांची समक्ष पाहणी केली आहे.' तीन तारे दिले.

काही आठवडे गेले. रोज सकाळी काका तिन्ही यंत्रांना विचारत होते. आणि एके दिवशी जिन्यातून हाक आली. मी वर पळालो. एका यादीत चौथ्या क्रमांकावर चक्क आमचे मिस्त्री! खाली लिहिलं होतं, रहिवाशांच्या मते काम टिकाऊ असतं, मात्र वेळ पाळण्याबाबत तक्रारी आढळतात. एका ज्येष्ठ नागरिकाने समक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केलं आहे.

"बघा," काका म्हणाले, "तोसुद्धा हेच म्हणतोय."

मी म्हटलं, "काका, ते ज्येष्ठ नागरिक तुम्हीच आहात."

"असेन. पण त्याने स्वतंत्रपणे पडताळलं ना?"

काकूंनी कपाळाला हात लावला आणि मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री उद्या येतो म्हणाले आणि परवा आले. ते वेळेच्या शेऱ्यावर थोडे रुसले होते. काकांनी त्यांना समजावलं की नुसती स्तुती कुणी खरी धरत नाही, त्या एका शेऱ्यामुळेच बाकीचं खरं वाटतं. फरशी निघाली, गळका सांधा सापडला, पाणी तुंबवलं. ४८ तास काका माझ्या मोरीत स्टूल टाकून बसले नाहीत एवढंच. बाकी टॉर्च घेऊन दर दोन तासांनी येत होते, रात्रीचे सुद्धा. छत कोरडं राहिलं. काकांनी अभिप्राय सुधारून चार तारे केले. पाचवा पुढच्या पावसाळ्यानंतर.

किचन अजून व्हायचंय. ओट्याला क्वार्ट्ज की ग्रॅनाइट यावर तो म्हणतो की दोन्हींचे आपापले फायदे आहेत, आणि काकांना या उत्तरातून पुढे सरकता येत नाहीये. काकूंनी मार्केट यार्डच्या बाजूला जाऊन काळा ग्रॅनाइट पसंत करून ठेवलाय. योग्य वेळी सांगतील.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्याकडे चांगला गवंडी, सुतार, प्लंबर असेल तर त्याच्याबद्दल चार ओळी कुठेतरी लिहा : कुठला भाग, कुठलं काम, कधी केलं, अजून गळतंय का. खोड असेल तर खोडही लिहा. फक्त 'व्हेरी नाइस' लिहू नका. काका ते धरत नाहीत.